भिंतीवरची सरळ रेघ

मुंबई-पुण्याकडील जुन्या चाळींच्या जिन्यांत, शाळांच्या वर्गांत, कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत एक प्रकारची रंगरंगोटी वर्षानुवर्षें दिसत आली आहे. माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत गडद तैलरंग, त्याच्या वर छतापर्यंत फिकट रंग किंवा नुसता चुना, आणि दोहोंच्या सांध्यावर बोटभर रुंदीची काळी वा तांबडी पट्टी. खालचा रंग भिंत मळूं नये म्हणून, वरचा खोलींत उजेड रहावा म्हणून. मधली पट्टी कशासाठीं, असें विचारल्यास ती शोभेची आहे, असें उत्तर मिळतें. तें उत्तर निम्मेंच खरें आहे. दोन रंग जेथें एकमेकांस भेटतात तेथें त्यांची कड दांतेरी होते, आणि ती झांकण्यासाठीं रंगारी ही पट्टी ओढतो. गंमत अशी कीं, एक वांकडी कड झांकण्यासाठीं त्याला दोन सरळ कडा काढाव्या लागतात.

भिंतीवर स्वच्छ कडेचा पट्टा ओढणें हें काम पाहणाराला जितकें क्षुल्लक वाटतें तितकें तें करणाराला वाटत नाहीं. भिंत म्हणजे कागद नव्हे. ती उभी असते, खडबडीत असते, कोपऱ्याशीं थोडी झुकलेली असते. आणि तिच्यावर मोजपट्टी टेकवून रंगाचा कुंचला फिरवावा तर पट्टीखालून रंग पाझरून सगळाच विचका होतो. ही अडचण गेल्या साडेतीन हजार वर्षांतील रंगाऱ्यांना सारखीच भेडसावीत आली आहे. तिच्यावरचे उपाय मात्र बदलत गेले. आणि त्यांच्याबरोबर, उत्तम रेघेचें श्रेय कोणाच्या पदरीं पडावें, याचा निवाडाही बदलत गेला.

प्राचीन ग्रीक लोक हें श्रेय निःशंकपणें हाताला देत असत. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या सृष्टिविषयक बृहद्ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागांत एक गोष्ट सांगितली आहे. अपेलीझ नांवाचा विख्यात चित्रकार ऱ्होड्झ बेटावर प्रोटोजेनीझ या दुसऱ्या चित्रकाराच्या भेटीस गेला. घरधनी बाहेर गेलेला. चित्रासाठीं सिद्ध केलेल्या एका मोठ्या फळीची राखण एक म्हातारी करीत होती. ‘कोण आलें होतें म्हणून सांगूं?’ असें तिनें विचारतांच अपेलीझनें कुंचला घेतला आणि फळीवर एक अत्यंत बारीक रेघ ओढली. प्रोटोजेनीझनें परत आल्यावर ती रेघ पाहिली आणि पाहुण्याला ओळखलें. मग त्यानें दुसऱ्या रंगानें त्या रेघेवरच तिच्याहून बारीक रेघ ओढली. अपेलीझ पुन्हां आला, आपण हरलों हें पाहून शरमला, आणि तिसऱ्या रंगानें त्यानें त्या दोन्ही रेघा अशा दुभंगल्या कीं, आणखी बारीक रेघेला जागाच उरली नाहीं. प्रोटोजेनीझ हार कबूल करून त्याला शोधीत बंदराकडे धांवला. ती फळी पुढें रोमला आली आणि सीझरच्या राजवाड्याला लागलेल्या आगींत जळून गेली. तिच्यावर दिसूं न दिसूंशा रेघांवांचून कांहींच नव्हतें, आणि तरीही भोंवतालच्या भरगच्च चित्रांपेक्षां लोक तिच्यापाशींच अधिक थांबत, असें प्लिनी सांगतो.

फळीची गोष्ट वेगळी आणि भिंतीची वेगळी. फळी गुळगुळीत असते, आटोपशीर असते, आणि चित्रकार तिच्यापुढें आपल्या सोयीनें बसूं शकतो. वीस हात लांबीच्या भिंतीवर केवळ हाताच्या भरंवशावर रेघ ओढूं जाणारा, प्रत्यक्ष अपेलीझ असला तरी, फसल्यावांचून रहावयाचा नाहीं. तेथें हाताला दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो. तो आधार म्हणजे ताणलेली दोरी. आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा इजिप्तमध्यें आहे.

थीब्झजवळच्या डोंगरांत खोदलेल्या थडग्यांपैकीं कित्येक अपुरींच राहिलीं आहेत. मालक निवर्तला, दफनाची वेळ येऊन ठेपली आणि रंगारी हातांतलें काम टाकून निघून गेले. कलेच्या दृष्टीनें ही हानि असेल, पण काम कसें चाले हें जाणूं इच्छिणाराला हीं अर्धवट थडगींच अधिक मोलाचीं आहेत. होरेमहेब राजाच्या थडग्यांत कामाच्या साऱ्या पायऱ्या शेजारीं शेजारीं उभ्या आहेत: तांबड्या रंगांतील पहिली रेखाटणी, तिच्यावर वरिष्ठ कारागिरानें काळ्या रंगानें केलेली दुरुस्ती, कोंठें अर्धवट कोरलेली आकृति, कोंठें पुरी झालेली. रेखाटणीच्याही आधीं दोरीचें काम होई. गेरूंत भिजविलेली दोरी दोघांनीं दोन टोकांना ताणून धरावयाची, मध्यें चिमटींत पकडून किंचित् मागें ओढावयाची आणि सोडून द्यावयाची. दोरी भिंतीवर आपटते व तांबडी सरळ रेघ उमटते. तिच्या दोहों बाजूंना रंगाचे बारीक शिंतोडेही उडतात. हजारों वर्षें लोटलीं तरी अपुऱ्या भिंतींवर हे शिंतोडे अजून दिसतात. अशाच उभ्या-आडव्या रेघांनीं भिंतीवर चौकटी आंखून, उभ्या माणसाची आकृति पायाच्या तळव्यापासून कपाळावरच्या केसांपर्यंत अठरा घरांत बसवीत. चित्रांच्या खालीं, जमिनीपासून कांहीं उंचीवर, तांबड्या व पिवळ्या रंगांचे आडवे पट्टे काळ्या रेघांनीं विभागून काढलेले असत. चाळीच्या जिन्यांतील पट्टीचें घराणें असें बरेंच जुनें आहे.

हें काम करणाऱ्यांची वस्ती जवळच, हल्लीं देर-एल-मेदीना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोऱ्यांत होती. त्यांची उजवी व डावी अशा दोन टोळ्यांत विभागणी असे. रेखाटणी करणाऱ्याला त्यांच्या भाषेंत ‘आकृतींचा लेखक’ म्हणत. म्हणजे रेघ काढणें ही त्यांच्या दृष्टीनें लेखनाचीच एक जात होती. थडग्याच्या पोटांत सूर्यप्रकाश नाहीं, म्हणून दिव्याच्या वाती कोठारांतून मोजून दिल्या जात व किती जळल्या याचा हिशेब खापरांवर लिहिला जाई. मजुरी धान्याच्या रूपानें मिळे. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं बाराव्या शतकाच्या मध्यास, हें धान्य वेळेवर पोंचलें नाहीं. तेव्हां हे कारागीर काम टाकून खोऱ्याबाहेर पडले आणि राजांच्या स्मारकमंदिरांच्या मागें जाऊन बसले. आम्ही भुकेनें व तहानेनें येथवर आलों आहों, आम्हांला वस्त्र नाहीं, तेल नाहीं, मासळी नाहीं, भाजी नाहीं, हें राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. ती एका लेखकानें टिपून ठेविली आणि तो पपायरस आज इटलींतील तुरीन येथें आहे. जगाच्या इतिहासांत नोंदलेला हा पहिला संप होय. तो करणाऱ्यांत दगड फोडणारे होते तसे रेघा ओढणारेही होते. अपेलीझच्या रेघेची कीर्ति झाली; या रेघांमागचा माणूस भाकरीसाठीं अडून बसला म्हणून आपल्याला माहीत झाला.

दोरीची ही युक्ति हिंदुस्थानांत इतकी मुरली कीं ती भाषेंतच जाऊन बसली. शिल्पशास्त्राच्या परंपरेंत इमारतीच्या मुख्य कारागिराला ‘सूत्रधार’ म्हणत; पंधराव्या शतकांत मेवाडच्या राणा कुंभाच्या पदरीं असलेला वास्तुग्रंथकार मंडन आपल्याला सूत्रधारच म्हणवितो. मराठींतील ‘सुतार’ हा शब्द याच सूत्रधाराचा नातू. आणि एखाद्या द्वाड माणसाला ‘सुतासारखा सरळ’ करण्याची भाषा ज्या सुताची आहे तें शिंप्याचें नव्हे, तर काव लावून ताणलेलें सुताराचें सूत आहे. सुताच्या जोडीला भिंतीचा उभेपणा पाहण्यासाठीं ओळंबा आणि आडवेपणा पाहण्यासाठीं पाणसळ. एवढ्या तीन वस्तूंवर कोणत्याही देशांतल्या रंगाऱ्याचें आंखणीचें काम भागत आलें आहे.

परंतु दोरी रेघ कोंठें असावी एवढेंच सांगते. कड स्वच्छ निघेल कीं नाहीं, हें भिंत ठरविते. हें मर्म ज्यानें उघड शब्दांत मांडलें तो रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस. आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागांत त्यानें गिलाव्याची कृति दिली आहे. पहिल्या खरबरीत थरावर वाळू-चुन्याचे तीन थर, त्यांवर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर, आणि प्रत्येक थर पहिला सुकत असतांनाच दाबून घोटलेला. असा गिलावा भेगाळत नाहीं आणि त्यावरील रंग विटत नाहीं; एकेक थर देऊन भागविणाऱ्यांच्या भिंती मात्र लवकर फुटतात, असें तो बजावतो. जुन्या भिंतींतील असे घोटीव तुकडे लोक कापून काढीत व फळ्यांसारखे वापरीत, असेंही त्यानें लिहिलें आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनीं हेंच वेगळ्या साहित्यानें साधलें. कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतु यांचें लिंपण, व त्यावर चुन्याचा पातळ हात. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील छतावर एकांत एक अशीं रंगीत कड्यांचीं जीं मोठीं वर्तुळें आहेत त्यांच्या कडांचें बरेंचसें श्रेय या लिंपणाला दिलें पाहिजे.

इटलींत भिंत रंगविण्याचें काम प्रत्यक्ष चाललेलें पहावयाचें असेल तर पाँपीला जावें. इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियस पर्वताचा स्फोट झाला. त्यांत अपेलीझची गोष्ट सांगणारा प्लिनी मरण पावला, आणि त्याच आपत्तींत पाँपी शहरांतल्या एका घरीं काम करणारे रंगारी सारें टाकून पळाले. १९८७ पासून झालेल्या उत्खननांत हें घर उजेडांत आलें व त्याला ‘कामावरील रंगाऱ्यांचें घर’ असें नांव पडलें. तेथें रंगांचीं भांडीं सांपडलीं, कंपास सांपडला. भिंतीचा वरचा भाग पुरा झालेला, मधल्या चौकटींत नुसती पिवळ्या मातीची रेखाटणी. कारण काम वरून खालीं होत येई, म्हणजे वरचे शिंतोडे खालच्या पुऱ्या कामावर पडत नसत. एका जागीं पळापळींत कलंडलेल्या भांड्यांतला चुना भिंतीवर उडाला आहे. पाँपीच्या भिंतींवरील तांबड्या, काळ्या, पिवळ्या चौकटी व त्यांच्या आंतून धांवणाऱ्या पांढऱ्या बारीक रेघा पाहून त्या रंगाऱ्यांच्या हाताचें कौतुक वाटतें. पण जवळून पाहिल्यास ओल्या गिलाव्यावर उमटलेला दोरीच्या पिळाचा ठसा आणि टोंच्यानें कोरलेली खूण अनेक ठिकाणीं सांपडते. हात मोकळा सोडलेला नव्हता. तो अगोदर आंखलेल्या वाटेनें चालत होता.

मधली कित्येक शतकें झपाट्यानें ओलांडावयास हरकत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील श्रीमंत घरांत पट्टेदार खोल्यांची एक लाट आली. मात्र हे पट्टे रंगाऱ्याचे नव्हते, ते लष्करी तंबूंतून आले होते. १८०० सालीं पर्सिए आणि फाँतेन या वास्तुकारांनीं पॅरिसजवळच्या माल्मेझाँ येथें बोनापार्टसाठीं सल्लामसलतीची खोली दहा दिवसांत उभी केली, ती पट्टेदार कापडाच्या तंबूच्या थाटाची. पॉट्सडॅम येथें शिंकेल या वास्तुकारानें १८२६ ते १८२९ च्या दरम्यान बांधलेल्या शार्लोटेनहोफ वाड्यांत अशीच एक खोली आहे. तिच्या भिंतींना व छताला निळे-पांढरे पट्टे आहेत, आणि प्रसिद्ध शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट पाहुणा म्हणून तींत उतरत असे. कापडावर व कागदावर पट्टा आयताच मिळूं लागला, तेव्हां सरळ कडेची किंमत उतरली. यंत्रानें छापलेला कागद डकविणें हें रंगाऱ्याच्या मजुरीहून स्वस्त पडूं लागलें. इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन येथें खेळण्यांतल्या आगगाड्या बनविणाऱ्या बॅसेट-लोक या कारखानदाराच्या घरीं मॅकिन्टॉश या स्कॉटिश वास्तुकारानें १९१९ च्या सुमारास पाहुण्यांची खोली सजविली. पलंगामागून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद भिंतीवर चढून छतावर गेलेला, व त्याला गडद निळी किनार. तेथें मुक्कामास आलेल्या बर्नार्ड शॉला यजमानीणबाईंनीं, या सजावटीनें झोंपमोड तर होणार नाहीं ना, असें काळजीनें विचारलें. त्यावर, आपण डोळे मिटून झोंपतों, असें शॉनें सांगितलें, ही आख्यायिका अजून त्या घरीं येणाऱ्यांना ऐकावयास मिळते.

ज्या वस्तूनें रंगविलेला पट्टा पुन्हां भिंतीवर आणला तिचा जन्म मात्र घरांत झाला नाहीं, तो मोटारींच्या कारखान्यांत झाला. आणि त्याचें कारण फवारा होय.

पूर्वींच्या घोडागाड्यांवर व आरंभींच्या मोटारींवर बारीक रेघा ओढणारे खास कारागीर असत. लांब केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा निमुळता कुंचला घेऊन, करंगळी गाडीच्या कडेला टेकवून, ते एका दमांत चार-पांच हात रेघ काढीत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत ‘ड्यूको’ नांवाचें नवें लॅकर मोटारींसाठीं आलें. पूर्वीं रंगाचे थर सुकण्यांत आठवडेच्या आठवडे जात, तेथें आतां काम थोड्या दिवसांवर आलें. पण हा रंग इतका लवकर सुके कीं तो कुंचल्यानें लावणें शक्य नव्हतें, फवारावाच लागे. फवारा कड ओळखीत नाहीं. नेमक्या त्याच वेळीं लोकांना दुरंगी मोटारींचा शोक जडला होता. तेव्हां एक रंग फवारतांना दुसरा झांकून ठेवणें भाग पडलें. रंगारी वर्तमानपत्रें खळीनें डकवीत किंवा दवाखान्यांतली चिकटपट्टी लावीत. आणि ती ओढून काढतांना तिच्याबरोबर खालचा नवा रंगही सोलून निघे. झालेलें काम पुन्हां पहिल्यापासून.

मिनेसोटा राज्यांतील सेंट पॉल शहरीं एका मोटार-रंगशाळेंत रिचर्ड ड्रू नांवाचा तरुण काचकागदाचे नमुने घेऊन गेला होता. मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग ही त्याची कंपनी तेव्हां प्रामुख्यानें काचकागदच बनवीत असे. शिक्षण अर्ध्यावर सोडलेला, नाचाच्या बैठकींत बँजो वाजवून पैसे मिळविणारा हा तरुण १९२१ सालीं तेथें प्रयोगशाळेंत मदतनीस म्हणून लागला होता. रंगशाळेंतील कामगारांच्या तोंडची शिवीगाळ ऐकून त्यानें या दुखण्यावर आपण औषध शोधतों असें सांगून टाकलें. बोलून गेला खरा. पण पुढें दोन वर्षें तें औषध सांपडेना. पट्टीनें घट्ट धरावें, पण मागितल्याबरोबर सोडावें. कागद फाटूं नये, पण वळणावर वळावा. चिकटा रंगाच्या द्रवानें विरघळूं नये, आणि निघतांना मागें राहूं नये. वनस्पतींचीं तेलें, डिंक, राळ, नाना प्रयोग झाले. वरिष्ठांनीं त्याला हा नाद सोडून काचकागदाकडे वळावयास सांगितलें. त्यानें थोडे दिवस ऐकलें आणि पुन्हां नाद धरला. कागदाला चिकटा लावण्याच्या यंत्रासाठीं मंजुरी मिळेना, तेव्हां शंभर डॉलरपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीनें करण्याचा जो अधिकार त्याला होता त्याचा आधार घेऊन त्यानें नव्व्याण्णव-नव्व्याण्णव डॉलरांचीं मागणीपत्रें धाडलीं, असें त्या कंपनींत सांगतात. अखेर १९२५ सालीं सुताराचा सरस व ग्लिसरीन यांचें मिश्रण चुणीदार क्रेप कागदावर लावून त्याची पट्टी सिद्ध झाली. कागदाच्या चुण्यांमुळें ती ताणतां येई, वळणावर बसे आणि ओढतांच निघून येई. हीच मास्किंग टेप. पुढें १९३० सालीं याच ड्रूनें सेलोफेनची पारदर्शक चिकटपट्टीही तयार केली, आणि तिची कीर्ति मोठी झाली. पण रंगाच्या इतिहासांत त्याची खरी देणगी ही पहिली साधी कागदी पट्टी होय.

तिनें काय केलें? जें काम आजवर हाताच्या ठिकाणीं होतें तें तिनें भिंतीवर नेऊन चिकटविलें. रेघ ओढणाऱ्या कारागिराची करंगळी, दम, वीस वर्षांची उमेदवारी, हें सारें आतां बाजारांत गुंडाळीच्या रूपानें विकत मिळूं लागलें. त्या कारागिरांचें यांत नुकसान झालें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. उलट, ज्या गृहस्थाला किंवा गृहिणीला कुंचला नीट धरतां येत नाहीं त्यांनाही आपल्या घरची भिंत स्वतः रंगविण्याची मुभा मिळाली. १९४८ सालीं अमेरिकेंत ग्लिडन कंपनीनें पाण्यांत मिसळणारा लॅटेक्स रंग बाजारांत आणला. त्याला वास थोडा, तो सुके लवकर, आणि कुंचले नळाखालीं धुवून निघत. टेप आणि हा रंग यांची गांठ पडली, तेव्हां घरांतल्या पट्ट्यांना पुन्हां बहर आला.

आणि येथें जुन्या भिंतीनें आपला हक्क पुन्हां सांगितला. मोटारीचा पत्रा आरशासारखा असतो. घरच्या भिंतीला खळगे व उंचवटे असतात. टेप उंचवट्यांवर टेकते, खळग्यांवरून पूल बांधून जाते. आणि त्या पुलाखालून पातळ रंग, वातींत तेल चढावें तसा, आपोआप शिरतो. टेप काढली कीं कड केंसाळलेली दिसते, आणि दोष टेपला दिला जातो. जाणता रंगारी म्हणून भेगांत लांबी भरून, काचकागदानें भिंत घांसून, धूळ पुसून मगच टेप लावतो व ती नखानें किंवा पातळ पात्यानें दाबून बसवितो. यानंतरची त्याची युक्ति खरोखर चतुर आहे. पांढऱ्या भिंतीवर निळा पट्टा काढावयाचा असेल तर टेप लावल्यावर तो तिच्या कडेवरून प्रथम निळा नव्हे, तर भिंतीचाच पांढरा रंग फिरवितो. जें पाझरावयाचें तें पांढरेंच पाझरतें. पांढऱ्यावर पांढरें दिसत नाहीं, आणि वाट बुजून जाते. त्यावर निळ्याचे दोन पातळ हात दिले कीं त्याला आंत शिरावयास जागाच रहात नाहीं. टेप रंग पुरा कडक होण्यापूर्वींच, मागें दुमडून, सावकाश ओढावी लागते. उशीर झाला तर रंगाची साय फाटून कडेसकट येते. अलीकडे पाण्याचा स्पर्श होतांच फुगून ही वाट आपोआप बंद करणारा पदार्थ कडेला लावलेल्या टेपाही निघाल्या आहेत. पण व्हिट्रूव्हियसचे सहा थर ज्या भिंतीला लाभले असते तिला त्यांची गरज भासली नसती.

आंखणीची अडचणही तशीच राहिली आहे. जुन्या घरांत छत आणि जमीन क्वचितच समपातळींत असतात. आडवा पट्टा पाणसळीनें खरा काढला तर छताजवळ तो तिरपा भासतो. छतापासून मोजून काढला तर खिडकीपाशीं त्याचें पितळ उघडें पडतें. उभ्या पट्ट्यांत, सबंध भिंतीची रुंदी आधीं भागून न घेतल्यास शेवटचा पट्टा कोपऱ्यांत अर्धा तुटतो. या प्रश्नांना टेपेपाशीं उत्तर नाहीं. तीं उत्तरें ओळंबा, सूत आणि मनुष्याची नजर यांनींच द्यावयाचीं असतात.

ही नजर कोठवर जाऊं शकते याचें एक ठळक उदाहरण कॅलिफोर्नियांत घडलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारें शंभर मैलांवर, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, ‘सी रँच’ नांवाची वसाहत १९६० नंतरच्या दशकांत वसविली जात होती. तेथें चार्ल्स मूर व विल्यम टर्नबुल या वास्तुकारांनीं पोहण्याच्या तलावालगत एक लहानशी इमारत बांधली. वारा लागूं नये म्हणून ती मातीच्या बांधाआड दडविलेली, आंतून साधी आणि स्वस्तांतली. तिच्या भिंतींचें कांहीं तरी करावें म्हणून १९६६ सालीं बार्बरा स्टॉफाखर सॉलोमन या बाईंना बोलावण्यांत आलें. त्या तरुणपणीं नर्तकी होत्या. पति वारल्यावर लहान मुलगी पदरीं असतांना पोटासाठीं हातीं कांहीं विद्या असावी म्हणून स्वित्झर्लंडमधील बाझल येथें जाऊन आर्मिन होफमान यांच्यापाशीं अक्षरांची व आकृतींची रेखीव मांडणी शिकून आल्या होत्या. पाट्या रंगविणाऱ्या रंगाऱ्यांना हाताशीं धरून त्यांनीं त्या पांढऱ्या भिंतींवर तांबडे, निळे, काळे असे प्रचंड पट्टे ओढले. पट्टा जिन्याबरोबर तिरपा वर चढतो, कोपरा आला तरी थांबत नाहीं, दुसऱ्या भिंतीवर वळतो, मध्येंच कमानीसारखा फिरतो. लांकूड, वीट, दगड यांपैकीं कांहींही न वाढवितां खोली निराळ्याच आकाराची भासूं लागली. आजवर पट्टा भिंतीची कड दाखवीत आला होता. येथें त्यानें ती पुसून टाकली. दुसऱ्याच वर्षीं ‘प्रोग्रेसिव्ह आर्किटेक्चर’ या मासिकानें या प्रकाराला ‘सुपरग्राफिक्स’ असें नांव दिलें, आणि पुढील दहा-बारा वर्षांत अमेरिकेंतील असंख्य बैठकींच्या खोल्यांतून व मुलांच्या खोल्यांतून तांबड्या-नारिंगी पट्ट्यांच्या नकला झाल्या. बहुतेक नकलांत पट्टा होता, खोलीचा विचार नव्हता. सॉलोमनबाई २०२४ सालीं निवर्तल्या.

त्याच सुमारास न्यूयॉर्क येथें रेघेच्या मालकीचा जुना प्रश्न एका कलावंतानें सरळसरळ पुढें मांडला. सॉल लविट यानें ऑक्टोबर १९६८ मध्यें पॉला कूपर हिच्या चित्रशाळेंत भिंतीवरच पेन्सिलीनें रेघा आंखून आपलें पहिलें भिंतचित्र केलें. तें व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ भरविलेलें प्रदर्शन होतें. पुढें त्यानें असा परिपाठ ठेविला कीं, चित्राची कल्पना व सूचना आपण लिहून द्यावयाच्या, आणि रेघा दुसऱ्यांनीं ओढावयाच्या. आरंभीं काळ्या पेन्सिलीच्या उभ्या, आडव्या व दोन तिरप्या अशा चारच दिशांच्या रेघा होत्या. अखेरच्या काळांत ॲक्रिलिक रंगांचे झगझगीत रुंद पट्टे आले. अपेलीझची रेघ म्हणजे त्याची सहीच होती. लविटच्या भिंतीवर लविटचा हात लागलेलाच नसे. ज्याचा हात लागे त्याचें नांव मात्र त्यानें बुडूं दिलें नाहीं. प्रत्येक भिंतचित्राच्या नोंदींत तें प्रथम कोणीं आंखलें त्यांचीं नांवें दिलेलीं असतात. देर-एल-मेदीनाच्या कारागिरांना हा करार पसंत पडला असता. धान्याची चौकशी मात्र त्यांनीं आधीं केली असती.

२००७ सालीं लविट मरण पावला. २००८ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील नॉर्थ ॲडम्स येथें, एका जुन्या गिरणीच्या इमारतींत, त्याचीं १०५ भिंतचित्रें तीन मजल्यांवर काढण्यांत आलीं. सुमारें पासष्ट कारागीर व विद्यार्थी सहा महिने हें काम करीत होते. अशा चित्राचा धनी जें विकत घेतो तें म्हणजे एक प्रमाणपत्र आणि एक आराखडा. चित्र दुसऱ्या जागीं न्यावयाचें झालें तर तेथील भिंतीवर तें नव्यानें आंखतात, आणि पहिल्या भिंतीवर पांढरा रंग देतात. रंगाच्या पट्ट्यांच्या बाबतींत हें पुसणेंही म्हणण्याइतकें सोपें नसतें. टेपला टेकून रंगाचा जो बारीकसा बांध उभा राहतो तो पांढऱ्या रंगाच्या दोन हातांखालूनही तिरप्या उजेडांत दिसतो; तो घालवावयाचा तर रंगाऱ्याला काचकागद घेऊन भिंत पुन्हां पहिल्यापासून घांसावी लागते.